‘सुरगाणा एक्सप्रेस’चा मालक

१

सोमवारी सकाळी तरन्नुम स्कोअरच्या वह्या ठेवायला म्हसरूळच्या मैदानावर गेली, तर फळ्यावरून रावजीचं नाव पुसलेलं. फडक्याने नव्हे, हाताच्या तळव्याने, कुणीतरी दात-ओठ खाऊन पुसावं तसं. खाली कागद चिकटवला होता. ‘पेठ रोड पँथर्सचा फलंदाज रावजी याने गैरप्रकार केल्याचा संशय असून त्यास निलंबित करण्यात येत आहे. सुनावणी रविवारी सकाळी अकरा वाजता.’

तिने कागद दोनदा वाचला आणि मटकन बाकावर बसली. “या अल्ला, परत तेच?”

परत का, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी याच फळ्यावर, याच भाषेत, तिच्या थोरल्या भावाचं नाव होतं. अल्तमश. नाशिकच्या टेनिस बॉल क्रिकेटमध्ये तेव्हा त्याच्याइतका लांब छक्का मारणारा दुसरा माणूस नव्हता. आज तो नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात ट्रकची चाकं बदलतो आणि टीव्हीवर मॅच लागली की उठून बाहेर जातो. त्यांचे अब्बा खलीलमियां त्याच वर्षी गेले. जनाजा घरातून निघत होता आणि दारात उभे असलेले दोघे कुजबुजत होते, “मॅच विकणाऱ्याचा बाप.” तरन्नुमने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या दिवशी तिने ठरवून टाकलं, ज्याने हे केलं त्याला चार भिंतींत नाही, चारचौघांत नागडा करीन. तेवढ्यासाठी ती भद्रकालीतून रोज दोन रिक्षा बदलून या मैदानावर स्कोअरर म्हणून येत होती. हिशेब शिकवायची शाळेतली बरी नोकरी होती, ती सोडून. लोक म्हणायचे, पोरीला क्रिकेटचं वेड आहे. कसलं डोंबलाचं वेड!

आता हा ‘अंगूर करंडक’ काय प्रकार आहे? आठ टीम, दहा-दहा षटकांच्या मॅच, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण. आणि त्याच्या जोडीला ‘आपली टीम’ नावाचा मोबाइलवरचा खेळ. टॉस व्हायच्या आत आपण आपले अकरा खेळाडू निवडायचे. ते मैदानावर जसे खेळतील तसे आपल्याला गुण. त्यातल्या एकाचे गुण दुप्पट, त्याला पोरं ‘डबल’ म्हणतात. टॉस झाला की खेळ बंद, आणि मग कुणी कुणाला घेतलं, शेवटचा बदल किती वाजता केला, ते सगळ्या गावाला दिसतं. हंगामात पहिला येईल त्याला स्कूटर. फुकटचा खेळ, पण अख्खं नाशिक त्यात बुडालेलं. आणि शंभरातल्या एकसष्ट जणांचा डबल एकच असायचा, सुरगाण्याचा रावजी.

आरोप असा होता. ‘सुरगाणा एक्सप्रेस’ नावाच्या एका खात्याने तीन मॅचना रावजीला बरोब्बर वगळलं, आणि नेमका त्या तिन्ही दिवशी रावजी मैदानावर वेळेत पोचला नाही. त्याच्या जागी अदनान सलामीला गेला, आणि त्या खात्याचा डबल कोण? अदनान! खातं ज्या मोबाइल नंबरवर उघडलं, तो नंबर रावजीच्या आधार कार्डावर घेतलेला. म्हणजे रावजीने स्कूटरसाठी मुद्दाम दांड्या मारल्या. मिटलं.

आणि येत्या गुरुवारी ठाण्याला मोठ्या लीगची निवड चाचणी होती. अंगूर करंडकातून एकच फलंदाज जायचा होता. रावजी. निलंबित माणूस जाऊ शकत नव्हता, आणि सुनावणी रविवारी.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पुरावा सादर करणार: तृप्ती.’ तरन्नुमच्या डोक्यात तिडीक गेली. अल्तमशच्या वेळी पण पुरावा हिनेच आणला होता.

२

तृप्ती पँथर्सचे फोटो, रील आणि निरोप सांभाळायची. टीमचा नंबर तिच्याकडे. तरन्नुमने तिला मैदानाबाहेरच्या मिसळीच्या टपरीवर गाठलं आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता विचारलं, “किती जणांना घरी बसवणार आहेस गं तू?”

तृप्तीचा घास हातातच राहिला. “तरन्नुम, माझ्यावर कशाला भडकतेस? स्क्रीनशॉटचा लिफाफा माझ्या टेबलावर होता. तेव्हाही होता, आताही. नाव नाही, गाव नाही. मी दाबून ठेवला असता तर मलाच धरलं असतं ना?”

“आणि रावजीला सुरगाण्याहून आणणारी टीमची जीप? तिचे निरोप टीमच्या नंबरवरून जातात. म्हणजे तुझ्या बोटांनी.”

“बोटं माझी. निरोप माझे नसतात.” तृप्तीचा आवाज चढला. “अमितदादा फोन करतो, मी टाइप करते. पहिल्या दिवशी म्हणाला, जीप दोन तास उशिरा निघू दे. दुसऱ्या वेळी म्हणाला, रावजीला अकराची वेळ कळव, आधी सराव नाही. तिसऱ्या वेळी जीप वणी फाट्यावर थांबव म्हणाला, आणि पोरगं बसलं बोरगावला वाट बघत. मला वाटलं, घोळ झाला. घोळ काय होत नाहीत?”

“आणि काल? चौथ्या मॅचला?”

“काल पहाटे साडेपाचला फोन. म्हणाला, जीप नको सांग, रावजी आदल्या संध्याकाळीच नाशिकला आलाय.”

“हे सगळं तोंडी?”

“तोंडी. तो कधीच लिहून पाठवत नाही.”

अमित पँथर्सचा कप्तान. लीगच्या अध्यक्षा वत्सलाबाईंचा सख्खा भाचा. रावजीला सुरगाण्याच्या पाड्यावरून शोधून आणणारा तोच, आणि सकाळपासून यूट्यूबवर डोळे पुसत “माझ्या धाकट्या भावासारखा होता हो” म्हणणाराही तोच. अशा माणसावर तृप्ती ढकलते आहे! तरन्नुमचा तिच्यावर काडीचा विश्वास बसला नाही. दोन वर्षं जिला मनात शिव्या घातल्या ती इतक्या सहज निर्दोष कशी होईल? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

“मी तुला सोडणार नाही, तृप्ती,” ती उठता उठता म्हणाली.

“नको सोडूस,” तृप्ती म्हणाली. “पण मला धरून खरा सुटला, तर काय करशील?”

३

रावजी कुठे आहे ते शोधायला मंगळवारची दुपार झाली. निलंबनाचा कागद लागला त्याच संध्याकाळी तो आईसोबत दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत कामाला लागला होता. सुरगाण्याची निम्मी माणसं या दिवसांत बागांमध्येच असतात. त्याची आई भागीबाई झपझप घड कापत होती. रावजी क्रेट उचलत होता. पोराचे खांदे असे की चार क्रेट एकावर एक, आणि चेहऱ्यावर आठी नाही.

“मला तो मोबाइलवरचा खेळ येतच नाय, ताई,” तो म्हणाला आणि खिशातून बटणांचा फोन काढून दाखवला. “आता कमिटी म्हणती, तुझा कोणी दोस्त खेळत आसंल. माझे दोस्त हे, बघा.” त्याने बागेकडे हात केला.

“तुझ्या आधारवर दुसरं सिम कोणी घेतलं?”

“टीमनं कागद घेतले व्हते नोंदणीला. कप्तानाकडं दिले, तृप्तीताईनं फाइल केली. आंगठा दोनदा लावून घेतला. मी काय इचारणार?”

“चौथ्या मॅचला जीप आलीच नाही. मग तू पोचलास कसा?”

रावजी पहिल्यांदा हसला. “सहा वाजेपोत्तर वाट पाह्यली. फोनची बॅटरी मेलेली, पाड्यावर दोन दिवस लाइट नाय. मंग किराणावाल्याच्या फोनवरून अदनानला लावला. येवढा एकच नंबर मला पाठ हाय. त्यानं स्ट्रॉबेरीच्या पिकअपवाल्याला सांगितलं, मी क्रेटवर बसून आलो.”

तरन्नुम चमकली. अदनान तिचा सख्खा मावसभाऊ. आणि अदनानला खेळायला मिळायचं ते केवळ रावजी नसला तरच. दोघं सलामीचे, जागा एक. रावजी आला की अदनान बाकावर.

“अदनानला?” तिने विचारलं. “तू येतोयस हे त्याला सकाळी सहालाच माहीत होतं?”

“व्हय.”

भागीबाईने घड कापता कापता मान वर केली. “बाई, येक सांगा. गुरवारी पोरगा ठाण्याला जाईल का नाय? मी मुकादमाला तसं सांगून ठिवते. तिथं निवडला तर पुढल्या सालापासून हे क्रेट सुटतील त्याचे.”

तरन्नुम म्हणाली, “जाईल, मावशी. मी बघते.” अगदी ठामपणे म्हणाली. हे वाक्य लक्षात असू द्या, कारण पुढे तिलाही ते विसरता आलं नाही.

४

अदनान संध्याकाळी दूध बाजारात भेटला. तिने विचारताच त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि तिला बोळात ओढलं.

“आपा, घरी बोलू नकोस. अब्बूंना कळलं की मीच रावजीला बोलावून माझी जागा घालवली, तर माझी हाडं मोडतील.”

“का बोलावलंस मग?”

“तीन मॅच त्याच्या जागी खेळलो. एकदा बारा, एकदा शून्य, एकदा सव्वीस.” तो खजील हसला. “आणि त्या पोराचा फोन आला की, ‘अदनान, जीप नाय आली.’ रडकुंडीला आला होता. मी काय म्हणू, बस तिथंच? हराम की रोटी नाही खायची मला.”

“हे तू कमिटीला का नाही सांगितलंस?”

“मला विचारलंय कोणी?”

खरंच की. कुणीच विचारलं नव्हतं. जो फायद्यात त्याच्याकडे लोक बोट दाखवतात, तोंड उघडायला कुणी सांगत नाही.

“रावजी येतोय हे तू आणखी कुणाला बोललास? टीममध्ये?”

“छे! कप्तान म्हणाला असता, उशीर झाला, आता नको. मी गप्प बसलो. नऊ वाजून चार मिनिटांनी फोन तुझ्या पिशवीत टाकला आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलो.”

पिशवी! तरन्नुम तिथल्या तिथे थांबली. निळी कापडी पिशवी, तिची स्वतःची, तिने स्वतः शिवलेली. अल्तमशच्या प्रकरणानंतर तिनेच कमिटीकडे हट्ट धरून हा नियम करून घेतला होता. मॅचच्या दिवशी नऊपासून प्रत्येक खेळाडूने फोन बंद करून स्कोअररकडे द्यायचा, वहीत वेळ टाकून सही करायची, आणि फोन मॅच संपल्यावरच परत. कप्तान तेवढा सगळ्यांत शेवटी देतो, कारण त्याला यादी नक्की करायची असते. आणि टीमचे फोटो काढणारी तृप्ती, तिचा फोन तिच्याच हातात राहतो.

ती घरी पळत सुटली. वही काढली. चौथ्या मॅचचं पान. मग मोबाइलवर ‘सुरगाणा एक्सप्रेस’चं त्या दिवसाचं पान उघडलं. रावजी वगळलेला, डबल अदनान. शेवटचा बदल नऊ वाजून सव्वीस मिनिटं.

सगळ्या कमिटीने पहिल्या तीन मॅच पाहिल्या होत्या, जिथे खातं बरोबर ठरलं. जिथे खातं सपशेल तोंडावर आपटलं, ती चौथी मॅच कुणी पाहिलीच नव्हती. त्या दिवशी रावजीने चोवीस चेंडूंत एकाहत्तर मारले होते.

५

बुधवारी दुपारी ती तृप्तीकडे गेली. या वेळी खाली मान घालून.

“रावजी पिकअपमधून उतरला तो रील तू काढलास ना? किती वाजता?”

तृप्तीने फोन काढला. नऊ एक्केचाळीस. रावजी स्ट्रॉबेरीच्या क्रेटवरून उडी मारतोय, पोरं ‘रावजी, रावजी’ म्हणून शिट्ट्या मारतायत, आता त्याला बाकावर बसवायची कुणाची टाप नाही, आणि कोपऱ्यात कप्तान अमित दिसतोय, तोंड उघडं, हात खिशावर. खिसा चाचपतोय. तरन्नुमने तेवढंच चार वेळा पाहिलं.

“टॉस दहाला. मधली एकोणीस मिनिटं तुझा फोन तुझ्या हातात होता?”

“होता की. टॉसपर्यंत पाच फोटो टाकलेत मी. वेळ बघ.”

तरन्नुम जिन्यावर बसली. सगळं जागच्या जागी बसलं होतं, आणि तिला हसू येत होतं आणि रडूही. दोन वर्षं चुकीच्या बाईला शिव्या घातल्या होत्या तिने! “मला माफ कर, तृप्ती,” ती म्हणाली. “रविवारी माझ्याबरोबर उभी राहशील? तुझा फोन घेऊन?”

“राहीन. पण रविवार कशाला? आत्ताच जा ना बाईंकडे. उद्या त्या पोराची ठाण्याची चाचणी आहे.”

ती गेली. चारच्या सुमारास वत्सलाबाईंच्या बंगल्यावर. बाईंनी चहा दिला, वर चिवडा दिला. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं झालं असतं.

“बाई, समजा,” तरन्नुम म्हणाली, “रविवारच्या आत खरा माणूस सापडला, तर?”

“तर माझ्याकडे घेऊन ये,” बाई लगेच म्हणाल्या. “चार भिंतींत मिटवू. त्या पोराचं निलंबन आजच्या आज उठवते, उद्या जाऊ दे बिचाऱ्याला ठाण्याला. आणि ज्याने केलं त्याला समज देऊ. तब्येतीचं कारण सांगून बसेल घरी. लीगची अब्रू महत्त्वाची, बेटा. तुझ्या भावाच्या वेळी पण मी हेच म्हणत होते, पण तेव्हा बभ्रा आधीच झाला होता.”

कप तरन्नुमच्या हातात तसाच राहिला. समज देऊ! तब्येतीचं कारण! तिच्या भावाला फळा, आणि यांच्या भाच्याला तब्येत? अब्बांच्या जनाज्यातली ती कुजबुज तिच्या कानात आत्ता बोलल्यासारखी आली. रविवारी सुनावणी यूट्यूबवर जाणार होती. आठही टीमचे कप्तान, शेकडो लोक, अख्खं नाशिक बघणार होतं. आणि उद्या रावजीच्या जागी ठाण्याला कोण जाणार, तर दुसऱ्या क्रमांकाचा फलंदाज, अमित. जाऊ दे त्याला. निवडू दे. आधी उंच चढू दे, मग खाली बघेल तो.

आणि रावजी?

तिने डोळे मिटले. पोरगं बावीस वर्षांचं आहे. चाचण्या पुढल्या वर्षीही होतील. असं तिने स्वतःला सांगितलं, आणि खोटं सांगतेय हे तिला कळत होतं.

“काय झालं गं?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” तरन्नुम म्हणाली. “सहज विचारलं.”

६

गुरुवारी अमित ठाण्याला गेला. शुक्रवारी निकाल लागला, निवडला गेला. पंचवटीत फटाके वाजले, चौकात त्याचा फ्लेक्स लागला, कपाळावर टिळा आणि खांद्यावर बॅट. तरन्नुमने रिक्षा थांबवून तो फ्लेक्स नीट पाहून घेतला. कुणी सणाची खरेदी बघावी तशी निवांत.

शुक्रवारी संध्याकाळी ती गॅरेजात गेली. अल्तमश गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते.

“भाईजान, रविवारी अकराला मोबाइल बघ.”

“मी नाही बघत क्रिकेट.”

“क्रिकेट नाही. तुझं नाव धुतलं जाणार आहे.”

पाय हलायचे थांबले. मग खालून आवाज आला, “कोण होता?”

“रविवारी कळेल.”

“तुला आजच माहीत आहे?” अल्तमश सरकत बाहेर आला. “मग तो सुरगाण्याचा मुलगा? काल त्याची चाचणी होती ना?”

तरन्नुमने ओढणी सारखी केली. “अकरा वाजता,” ती म्हणाली आणि निघाली.

७

रविवारी मैदानावरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कमिटीचे सात जण, मध्ये वत्सलाबाई. रावजी शेवटच्या रांगेत, आईसोबत, बागेतल्याच कपड्यांत. अमित पहिल्या रांगेत, ठाण्याच्या टीमची नवी टोपी घालून. कॅमेरा चालू झाला.

तरन्नुम वही घेऊन उभी राहिली. “मी स्कोअरर आहे. भाषण येत नाही. फक्त वेळा वाचते. चौथ्या मॅचला ‘सुरगाणा एक्सप्रेस’ने रावजीला वगळलं आणि अदनानला डबल केलं, नऊ सव्वीसला. अदनान खेळतो कधी? रावजी नसेल तेव्हाच. म्हणजे नऊ सव्वीसला या खात्याच्या मालकाची खात्री होती की रावजी येत नाही. बरोबर?”

बाईंनी मान हलवली.

“पण रावजी सकाळी सहालाच निघाला होता. हे रावजीला माहीत, अदनानला माहीत. रावजीचा कोणी साथीदार असता तर त्याला माहीत. खातं यांचं असतं, तर त्यांनी येणाऱ्या माणसाला का वगळलं?”

“मुद्दाम आउट व्हायचं ठरलं असेल,” अमित बसल्या बसल्या म्हणाला. आवाज शांत, समजावणीचा. “मग मोह आवरला नसेल. मला त्याची दया येते.”

“मुद्दाम आउट व्हायला मैदानात यावं लागतं, दादा. आणि तो आला की अदनान बाकावर. बाकावरच्या माणसाला डबल कोण करतं?”

मांडवात कुणीतरी हसलं. अमितने टोपी जरा पुढे ओढली.

“मग रावजी येणार नाही, असं वाटणारा माणूस कोण?” तरन्नुम पुढे म्हणाली. “ज्याने त्याची जीप रद्द केली, तोच. जीपवाल्याला निरोप गेला पाच चौतीसला, तृप्तीच्या हातातल्या टीमच्या नंबरवरून. आणि त्याआधी तीन मिनिटं, पाच एकतीसला, तृप्तीला एक फोन आला होता. तृप्ती, दाखव.”

तृप्तीने फोन कमिटीपुढे ठेवला. पाच एकतीस, अमितदादा.

“मी शुभ सकाळ म्हणायला केला होता!” अमित उठला. “जीप हिने स्वतःच्या मनाने रद्द केली असेल. दोन वर्षांपूर्वीचा पुरावा पण हिचाच होता ना? विचारा तरन्नुमला, तिच्या भावाला कोणी बुडवलं!”

“विचारा ना,” तरन्नुम म्हणाली. “मी पण तेच समजत होते. म्हणजे आता दोघंच उरले. जीप तृप्तीने रद्द केली किंवा अमितने करवली. खातं त्यातल्या एकाचं. आता नऊ एक्केचाळीस. रावजी पिकअपमधून उतरला. खात्याच्या मालकाने डोळ्यांनी पाहिलं की आपला डाव फसला. टॉसला एकोणीस मिनिटं बाकी होती. एक बोट फिरवलं की रावजी आत, अदनान बाहेर, खातं वाचलं. तृप्तीचा फोन तिच्या हातात होता, त्या एकोणीस मिनिटांत तिने पाच फोटो टाकलेत. खातं तिचं असतं तर तिने ते बदललं नसतं?”

“आणि मी तरी का नाही बदललं?” अमित ओरडला. “मी काय आंधळा आहे? माझा फोन तेव्हा तुझ्या पिशवीत—”

तो थांबला.

“नऊ एकोणतीस,” तरन्नुमने वही उलटी करून बाईंपुढे धरली. “ही तुमच्या भाच्याची सही. खात्यातला बदल सव्वीसला, फोन पिशवीत एकोणतीसला, रावजी एक्केचाळीसला. हा एकच माणूस असा आहे की ज्याला वगळता आलं आणि परत घेता आलं नाही.”

वत्सलाबाईंनी चष्मा काढला. “अमित,” त्या म्हणाल्या, “सांग की हे खोटं आहे.”

अमितने टोपी काढून जमिनीवर फेकली. “तीन टक्के!” तो म्हणाला. “कप्तान मी. मैदान मी मिळवलं, टीम मी बांधली. आणि गावातली शेंबडी पोरं मला ‘ए तीन टक्के’ म्हणून हाक मारतात! शंभरात तीन माणसं मला डबल करतात आणि एकसष्ट त्या जंगलातल्या पोराला. मी आणलं होतं त्याला! मी!”

“आणि माझ्या भावाला?” तरन्नुमने विचारलं.

“अठ्ठावन्न टक्के होता तो,” अमित म्हणाला. “हो. त्यालाही. झालं समाधान?”

झालं. खोटं कशाला बोला, तिला इतकं समाधान झालं की डोळे भरून आले. कॅमेरा चालू होता. बाईंनी निकाल वाचला. अमितवर कायमची बंदी, ठाण्याला आजच पत्र, अल्तमशची जाहीर माफी, रावजीचं निलंबन रद्द. लोक उभे राहून शिट्ट्या मारत होते. कुणीतरी “तीन टक्के” म्हणून आरोळी ठोकली आणि अख्ख्या मांडवाने ती उचलली. अमित दोन्ही कानांवर हात धरून मांडवाच्या पायरीवर जाऊन बसला.

८

गर्दी पांगल्यावर रावजी तिच्याकडे आला. आई मागे, पिशवी घेऊन. तरन्नुमला वाटलं, पोरगं पाया पडेल की काय, आणि ती घाईघाईने म्हणाली, “अरे, काही नको. पुढल्या रविवारी फायनल आहे, नऊला ये. जीप मी स्वतः पाठवते.”

“ताई, येक इचारू?” रावजी म्हणाला. “बाईंनी पत्र लिव्हलं ना ठाण्याला, तर तिथं मला घेतील का आता?”

“नाही रे. त्यांची यादी शुक्रवारी बंद झाली. त्या जागी पुढचा नंबर घेतील, धुळ्याचा कोणी आहे.”

“बरं.” त्याने आईच्या हातातली पिशवी घेतली. “ती तृप्तीताई आता म्हणत व्हती, तुमी तिचा व्हिडिओ बुधवारी पाह्यला. दुपारी.”

“हो.”

“मंग तुमाला हे बुधवारीच समजलं व्हतं?”

खोटं बोलता आलं असतं. त्या पोराने विश्वास ठेवला असता. “हो,” तरन्नुम म्हणाली. “बुधवारीच. बाईंकडे गेले पण होते. त्या तुला लगेच सोडणार होत्या. पण मग याला समज देऊन घरी बसवलं असतं, रावजी. माझ्या भावाचं नाव तसंच राहिलं असतं. मला हे सगळ्यांच्या समोर हवं होतं.”

रावजीने मान हलवली. समजल्यासारखी. आईकडे पाहिलं, परत हिच्याकडे पाहिलं.

“कप्तानाचं मी काय केलं व्हतं, ते आज समजलं,” तो म्हणाला. “त्याचे टक्के खाल्ले. पण ताई, तुमचं मी काय केलं व्हतं?”

तरन्नुमने हातातली वही मिटली. भागीबाईने पोराच्या दंडाला धरलं. “चल,” ती म्हणाली, “मुकादम वाट पाहील.” दोघं दिंडोरी रस्त्याच्या दिशेने चालायला लागले. फायनलला येतो म्हणाला नाही, येत नाही म्हणालाही नाही.

पायरीवर बसलेल्या अमितने सगळं ऐकलं होतं. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हसला. आधी हळू, मग पोट धरून.

“दे की उत्तर, स्कोअररबाई,” तो म्हणाला. “विचारतोय ना तो.”